कारणाचा रकाना

पटावर अकरा.
शेगडीभोवती वाळत घातलेले मोजे मोजले, तर सात जोड्या,
म्हणजे सात हजर.
मोज्यांची मोजणी सहसा चुकत नाही.
एदिताचा एक मोजा तिच्या भावाच्या पायात निघतो, तेवढं सोडून.

आलिरो रेमोल्कोय, मी नाव घेते.
मागच्या बाकावरून दुसरंच कुणी उत्तर देतं,
"बाई, सुकती आहे."

चिलोएच्या या लहान बेटावर माझं हे नववं वर्ष.
आले तेव्हा वाटायचं, पोरं दांडी मारतात.
आता अमावास्या-पुनवेचे दिवस
मी वहीच्या कडेला पेन्सिलीनं आधीच ठिपके देऊन ठेवते.
उधाणाची सुकती, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
समुद्र आपलं दप्तर उचलून लांब निघून जातो
आणि उघड्या पडलेल्या खडकांवर
लालसर लुगा, शेवाळाची जाड ओली कातडी,
जो आधी पोचेल त्याची.
आलिरो बारा वर्षांचा.
बाप साल्मनच्या पिंजऱ्यांवर, चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी.
आई कमरेएवढ्या पाण्यात.
पोत्याचं दुसरं टोक कुणी धरायचं?

कास्त्रोच्या कचेरीत कारणांना आकडे दिलेत.
एक, आजार, दाखल्यासह.
दोन, घरातलं मरण.
तीन, वादळ, बंदर बंद असल्यास.
चार म्हणजे इतर,
आणि इतर लिहिलं की फोन येतो.
"इतर म्हणजे काय, बाई?"
"समुद्र."
"वादळ होतं?"
"नाही. समुद्र घरी नव्हता."
पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज.

त्या बाईंचंही चुकत नाही.
रिकाम्या बाकामागे अनुदान कापलं जातं,
गेल्या जूनमध्ये आम्ही ओली लाकडं जाळली, ती त्यातलीच.
डोळे चुरचुरत मुलं अपूर्णांक शिकली.

नोव्हेंबरात एकदा मी एक टिंब दिलं.
शाईचं, एवढंसं. हजर.
कुणाचं काय जाणार होतं?
दुसऱ्या दिवशी आलिरो वहीवर वाकून उभा,
नखांत मीठ, बाहीला तोच वास.
"बाई, काल मी नव्हतो."
"असू दे."
"काल आम्ही नव्वद किलो काढलं.
मी इथे होतो, तर ते कुणी काढलं?"

मी खोडलं.
तिथे कागद इतका पातळ झालाय
की उजेडाला धरला
तर मागच्या पानावरचा मार्च दिसतो.

वर्ष संपलं. दिवस एकशे नव्वद.
नियम पंच्याऐंशी टक्क्यांचा.
आलिरो एकशे अठ्ठावन्न,
म्हणजे साडेतीन दिवस कमी.
तो अर्धा दिवस कुठून आला, त्याला विचारलं.
त्यानं फळ्यावर भागाकार मांडला, अर्धा बरोबर काढला,
आणि म्हणाला, अर्धा दिवस मी देऊ शकतो,
तीन तुम्ही बघा.

म्हणून हे पत्र, संचालक महोदयांना.
मुलगा वरच्या वर्गात घालावा ही विनंती.
दाखला काय जोडायचा, यावर दोन रात्री गेल्या.
शेवटी नौदलानं छापलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक जोडलं,
बत्तीस तारखांखाली रेघा मारून.
सही करणारा डॉक्टर नाही, चंद्र आहे,
असं लिहिलं होतं. मग ते वाक्य काढलं.
कचेरीला ते आवडणार नाही,
आणि मलाही ते जरा जास्तच वाटलं.

लाँच गुरुवारी येते. उत्तर आलं तर तिच्यातूनच.
तोवर मार्चसाठी नवी वही आखून ठेवलीय,
सगळ्यांची नावं, पेन्सिलीनं.
कारणाचा रकाना या वेळी
दोन बोटं रुंद केलाय.